फ्लॅशखालची पिवळी पट्टी

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझी थोरली बहीण विद्यापीठात पदार्थविज्ञानात संशोधन करत होती आणि मी कोल्हापुरातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. तिचा विषय उन्हापासून वीज करणाऱ्या सौर घटांचा. कॅडमियम सल्फाइडचा पातळ पिवळा थर काचेवर चढवायचा, भट्टीत तापवायचा आणि त्यातून वीज किती सहज वाहते ते मोजायचं, हे काम तिच्या विभागात बरेच जण करत. ताईला तो थर प्लास्टिकवर हवा होता. काच जड असते, फुटते. प्लास्टिक गुंडाळून कुठंही नेता येतं. पण थर तापवल्याशिवाय वीज नीट वाहत नव्हती आणि भट्टीत प्लास्टिक टिकत नव्हतं.

तिच्या मार्गदर्शकांनी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुदत दिली. तोवर प्लास्टिकवरचा एकही नमुना चालला नाही तर तिनं काचेवर परत यायचं, म्हणजे झालेलं काम सोडून द्यायचं. घरी तिनं हे जेवताना सांगितलं आणि आमटी वाढून घेतली.

प्लास्टिक म्हणजे दवाखान्यांनी टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्म. कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात त्यांच्यावरचा काळा लेप सुटतो आणि खाली स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक उरतं. हे काम आमच्या न्हाणीघरात चाले.

"शिकायचं विद्यापीठात आणि धुणं माझ्या न्हाणीत व्हय?" आई विचारायची.

परदेशात काही जण भट्टीऐवजी प्रखर प्रकाशाचा झोत वापरतात, असं ताईनं एका नियतकालिकात वाचलं होतं. झोत क्षणभराचा असतो. वरचा थर तापतो आणि उष्णता खाली उतरण्याआधीच निवतो. तसा दिवा विद्यापीठात नव्हता. आमच्या दैनिकाला फोटो देणाऱ्या चाचांच्या स्टुडिओत मात्र मोठा फ्लॅश होता. चाचांचं मुसलमान घराणं पिढ्यान्‌पिढ्या गावात फोटोग्राफी करणारं. महाद्वार रोडवरचा तो स्टुडिओ रविवारी सकाळी बहुधा मोकळा असे, म्हणून पिवळा थर चढवलेल्या फिल्मच्या पट्ट्या घेऊन आम्ही तिथं गेलो.

"चाचा, दिवा पट्टीच्या चार बोटांवर आणायचाय," ताई म्हणाली.

"चार बोटांवर? अवो ताई, मानसाचा फोटो असा काढला तर आंधळं हुईल की ते."

"हे माणूस नाही."

"ते दिसतंय की. हसत बी न्हाय."

दागिन्यांचे फोटो काढताना चाचा टेबलावर काळं कापड अंथरत. उठाव चांगला येतो म्हणून. सवयीनं त्यांनी ते अंथरलं, त्यावर ताईची पिवळी पट्टी ठेवली आणि बटण दाबलं. पट्टी निखाऱ्यावरच्या पापडासारखी वळली.

दिवा लांब नेला तर पट्टी शाबूत राही, पण वीज मोजायच्या मीटरचा काटा हलत नसे. जवळ आणला की पट्टी वळे. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही रविवारी तेच.

"ऱ्हाऊ द्या आता," चाचा म्हणाले. "दिवाळी झाली की लग्नसराई हाय. दिवा गेला तर मी काय मेणबत्तीवर फोटो काढू?"

"पुढच्या रविवारी येते," ताई म्हणाली.

त्या आठवड्यात तिनं वळलेल्या पट्ट्या टाकून न देता एकेक उलटी करून भिंगाखाली पाहिली. पिवळा थर वरच्या बाजूला होता. प्लास्टिक मात्र खालून वितळलं होतं आणि त्यावर कापडाच्या विणीचा ठसा उमटला होता. पातळ थरातून बराच प्रकाश आरपार जाऊन काळ्या कापडात मुरत होता. कापड तापत होतं आणि तेच प्लास्टिक भाजत होतं.

रविवारी तिनं कापड घडी करून चाचांच्या हातात दिलं.

"मग पट्टी कशावर ठेवायची?" चाचांनी विचारलं.

ताईनं भिंतीकडं पाहिलं. गिऱ्हाइकांना केस विंचरायला तिथं आरसा टांगलेला होता. त्या दिवशी नेमका जोतिबाहून परतलेला एक गृहस्थ त्यात पाहून केसांतला गुलाल झाडत होता. फोटोसाठी त्याचं कुटुंब बाकावर बसलं होतं.

"पावणं, जरा आरसा द्या," चाचा म्हणाले.

"आणि मी भांग कशात बघू?"

"मालकीणबाईस्नी इचारा. त्या सांगत्यात."

बाकावर हशा पिकला. आरसा टेबलावर आला. आता आरपार गेलेला प्रकाश परत फिरून थरातूनच जाणार होता. पट्टी ठेवली. चाचांनी झोत दिला, थांबून आणखी दिले. पट्टी सपाट राहिली. ताईनं तिच्या दोन टोकांना मीटरच्या तारा लावल्या. काटा सरकला.

"झालं?" गुलालवाल्या गृहस्थानं विचारलं.

"झालं."

"मग आता आमचा काढा की!"

मी कार्यालयात जाऊन चार ओळींची बातमी लिहिली आणि ताईला दाखवली. तिनं ती खोडली. "एक पट्टी चालली, एवढंच खरं आहे. घट अजून झालेला नाही." बातमी दिली नाही.

सुट्टी लागण्याआधी ती पट्टी घेऊन मार्गदर्शकांकडं गेली. तिथं काय झालं ते तिनं घरी सांगितलं. त्यांनी तारा लावलेली पट्टी पेनाभोवती गुंडाळायला लावली. काटा थोडा मागं आला. पट्टी सरळ केल्यावर पुन्हा जागेवर गेला. त्यांनी ती स्वतः एकदा गुंडाळून पाहिली.

"काचेवर परत यायचं राहू द्या," ते म्हणाले. "पण एका पट्टीवर प्रबंध होत नाही."

त्या संध्याकाळी आमच्या न्हाणीघरात पुन्हा कॉस्टिक सोड्याचं पाणी तापत होतं. बाहेर आई उटणं कालवत होती आणि आंघोळी कुठं करायच्या ते विचारत होती.