माझा मेल मी वाचणार

दोन हजार पंचवीस साल. मला तेव्हा बहात्तरावं लागलं होतं आणि दोन्ही कान गेले होते. मुरबाडच्या भातगिरणीवर जन्म काढला, त्या आवाजाने कान खाल्ले. फोन माझ्या काय कामाचा? म्हणून दुबईला असलेली माझी मुलगी मला मेल करते. लांबलचक, मराठीत. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण वाचता येतं. सावकाश येतं, पण माझं मला येतं.

मुलाने त्याचा जुना कॉम्प्युटर मला दिला होता. त्यावर मेलचा साधा प्रोग्राम होता, पाकिटाच्या चित्राचा. पाकीट दाबलं की मुलीचे मेल एकाखाली एक. गणपती झाल्यावर तो बंद पडला आणि त्याच्या जागी आपसूक दुसराच येऊन बसला. त्यात मेलच्या रांगेत जाहिराती शिरायच्या, हुबेहूब मेलसारख्या. मुलीचा म्हणून उघडावा तर आत चपला. शिवाय आमच्या वैशाखऱ्याकडच्या बाजूला वारा सुटला की नेट जातं. नेट गेलं की हा नुसता गोल गोल फिरत बसायचा.

मुलगा माझ्या कानाशी ओरडला, "बाबा, तुमचे मेल माझ्या फोनवर घेतो. मी वाचून दाखवीन."

एकदा दाखवला. मुलगी तिकडे दवाखान्यात मदतनीस आहे, पक्की नर्स व्हायची परीक्षा दिली होती, ती नापास झाली, असं तिने लिहिलं होतं. आता मला ऐकू जायचं म्हणजे सगळ्या आळीला ऐकू जाणार. संध्याकाळी फाट्यावर चहाला गेलो, तर चहावाला तोंड मोठं करून म्हणाला, "काका, पोरगी नापास झाली म्हणे? असू दे, असू दे."

असू दे म्हणणारा हा कोण? चहा अर्धा ठेवून उठलो.

घरी आल्या आल्या सांगितलं, "माझा मेल मीच वाचणार. दुसरा प्रोग्राम बघा."

मुलगा हसला. "बाबा, सगळं जग फोनवर मेल बघतं."

"जगाला ऐकू येतं," मी म्हटलं.

सून ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर कामाला आहे. मला मामा म्हणते. ती कधी ओरडत नाही, काही विचारायचं तर कॉम्प्युटरवरच मोठ्या अक्षरांत लिहिते. रविवारी तिने तीन प्रोग्राम उतरवून घेतले आणि लिहिलं, "मामा, तिन्ही फुकट आहेत. कुठला पाहिजे?"

"असा कसा सांगू गो? आपलं भात घालून बघू दे."

गिरणीवर नवीन यंत्र घेताना विकणाऱ्याच्या भातावर आम्ही कधी विश्वास ठेवला नाही. आपल्या घरचं भात ओतायचं आणि तांदूळ मोडून कणी किती पडते ते बघायचं. तसे तिन्हींत मुलीचेच मेल उतरवायला लावले.

पहिल्यात कणी पडली. जोडाक्षरं मोडून अर्धी इकडे, अर्धी तिकडे. दुसरा दिसायला देखणा, अक्षर मोत्यासारखं. सुनेने लिहिलं, "हाच ठेवा." मी उठलो आणि भिंतीतली नेटची तार उपटली. काय करताय, असं तिने तोंडाने विचारलं, तेवढं कळलं.

"वारा सुटला असं समज."

देखण्याने मेलची नावं तेवढी दाखवली. आत उघडावं तर पांढरं.

तार परत लावली, तिसऱ्यात मेल उतरू दिले आणि पुन्हा काढली. हा राखाडी, रूक्ष. बटणं नको तिथे. पण मुलगी तिकडे पोचली तेव्हाचा पहिला मेल दाबला, तर अख्खा उघडला. जाहिरात नाही, काही नाही.

सुनेने लिहिलं, "म्हातारा दिसतो हो, मामा."

"असू दे. ओरडत नाय ना?"

तिने अक्षरं मोठी करून दिली. उत्तर द्यायच्या बटणाला लागूनच पुसून टाकायचं बटण होतं, ते मी काढायला लावलं. मुलाला म्हटलं, आता तुझ्या फोनवरून माझा मेल काढ. तोंड वाकडं केलं, पण काढला.

त्याच संध्याकाळी मुलीचा मेल आला. "बाबा, परीक्षेला परत बसू, की सगळं सोडून घरी येऊ? दादाला एवढ्यात सांगू नका."

दोनदा वाचला. मुलाने हाताने विचारलं, काय म्हणते?

"बरी आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून कामावर गेल्यावर एका बोटाने उत्तर लिहिलं. "परत बस. घर कुठे पळून जात नाही. तुझा मेल आता मी एकटाच वाचतो, काय ते मोकळं लिही." पाठवलं. मग फाट्यावर गेलो, चहा सांगितला आणि पूर्ण प्यालो.