बाईंची पन्नास मिनिटं

बाई पन्नास मिनिटांच्या वर एक मिनिट देत नसत. माझं वाक्य अर्धवट असलं तरी "आज इथं थांबू" म्हणून उठत. मंडईजवळच्या त्यांच्या जिन्यावर पाटी होती : 'वेळ ठरवल्याशिवाय जिना चढू नये.' मानसोपचार करणाऱ्या, लोकांची मनं उलगडणाऱ्या बाईंची ही पाटी वाचून पहिल्याच दिवशी मला परत फिरावंसं वाटलं होतं.

मी अमरावतीचा, नोकरी पुण्यात खराडीला, राहायला विश्रांतवाडीत. बाबा फार आजारी आहेत, तुझी वाट बघतात, असा भावाचा फोन आला तेव्हा प्रोजेक्टची डेडलाइन होती. उद्या निघतो म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. पोचलो तेव्हा घरचे स्मशानातून परतत होते. गाडीचं तिकीट मिळालं नाही, असं सांगून टाकलं. रडू आलं नाही, आणि तेव्हापासून धड झोपही नाही.

बाई मला दिवाणावर आडवं व्हायला सांगत आणि स्वतः उशाशी, मला दिसणार नाहीत अशा बसत. मनात येईल ते बोलायचं, निवडायचं नाही, एवढाच नियम. मी मात्र निवडूनच बोलायचो. शिवाय दर शनिवारी दहा मिनिटं उशिरा पोचायचो आणि ट्रॅफिकला दोष द्यायचो.

"विश्रांतवाडीचा ट्रॅफिक तुम्हाला बरा गाठतो," एकदा बाई म्हणाल्या. "ताटकळत कुणाला ठेवताय, ते बघा."

मी भडकलो. वडिलांसमोरही कधी चढला नव्हता इतका आवाज चढला. "हा राग माझ्या एकटीवरचा दिसत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. त्या दिवशी तिकिटाचं खोटं मी पहिल्यांदा कबूल केलं. रडू तरीही आलं नाही.

पुढं बाईंची तब्येत ढासळली. काम थांबवायची तारीख त्यांनी तीन महिने आधी सांगितली. "निरोपाला वेळ लागतो," म्हणाल्या. "आपण तो घेऊ."

शेवटच्या शनिवारी मी वेळेआधी पोचलो, पण जिना चढवेना. समोर भाजीवाल्या मावशींपाशी उभा राहिलो. वर खिडकीलगत बाई आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. हातात पुस्तक नाही, काही नाही. माझ्यासाठी त्या पुरी पन्नास मिनिटं बसल्या. मग उठून त्यांनी खिडकी लावून घेतली.

बाबाही असेच वाट बघत राहिले असतील. मेथीच्या जुड्यांशेजारी मी मटकन बसलो आणि हमसून हमसून रडू लागलो.

"कोन गेलं का, बाबा?" मावशींनी विचारलं.

"वडील," मी म्हणालो. त्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.