डावा पडदा

तीन मॉनिटर एकाच वेळी तापले की खोलीत एक वास दाटे. भाजलेल्या धुळीचा, कोमट प्लॅस्टिकचा, आणि त्यात खिडकीतून येणारा राईस मिलमधल्या उकडत्या धानाचा ओलसर, किंचित आंबूस वास. लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत दुसरा कोणताही सुगंध मला इतक्या नियमितपणे भेटला नाही.

नवऱ्याचे गोंदियात कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान होते. दोन हजार दहाच्या आसपास तिथला एक सायबर कॅफे बंद पडला आणि त्याचे दोन चौकोनी मॉनिटर आमच्या गावातल्या घरी आले. त्यांच्या मधोमध ठेवायला नवऱ्याने एक नवा, रुंद मॉनिटर घेतला. तिघांची उंची जमेना, तेव्हा बाजूच्या दोघांखाली माझे काव्यशास्त्राचे ग्रंथ गेले. ग्रंथांचा असा उपयोग होतो हे मला एम.ए.च्या वर्गात कोणी सांगितले नव्हते. उंची मात्र अचूक जुळली.

नवरा त्यावर ट्रक चालवण्याचा गेम खेळे. कोण्या परदेशातला करडा रस्ता तीन पडद्यांवर पसरे. रस्त्याकडेचे झाड मधल्या पडद्याच्या कडेला अर्धे मावळे, दोन बोटे रुंदीच्या काळ्या चौकटीत क्षणभर राही आणि पुढच्या पडद्यावर थोडे जाड होऊन उगवे. मला ती जागा कवितेच्या ओळीतल्या यतीसारखी वाटे. ओळ थांबते, श्वास घेते, पुढे जाते. नवऱ्याला ती सेटिंगमधली चूक वाटे आणि तो ती रोज दुरुस्त करी.

या खोलीत माझे सासरे सहसा येत नसत. मी त्यांना मामाजी म्हणत असे. ते आमच्या गावाहून आमगावपर्यंत काळीपिवळी चालवत. नऊ माणसांच्या त्या जीपमध्ये सोळा बसत आणि बाजाराच्या दिवशी मोजण्याची पद्धत नव्हती. तीस वर्षांत त्यांच्या गाडीने कोणाला खरचटलेसुद्धा नव्हते. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत, कारण ती सांगायला सारे गाव होते. जीपच्या डाव्या अंगाला अलीकडे काही पोचे पडले होते; त्यांचा दोष ते आमगावच्या स्टँडवरील इतर ड्रायव्हरांना देत. "ज्या दिवशी हे गाडी थांबन, त्या दिवशी मी खाटेवर," असे ते म्हणत, आणि त्यांचा आवाज हवामान सांगितल्यासारखा असे.

मी आमगावच्या कॉलेजात मराठी शिकवत होते. सकाळी त्यांच्याच जीपमधून जाई. पुढची डावी, खिडकीजवळची जागा माझी. सुनेला एवढा मान देणारा सासरा पंचक्रोशीत नाही, असे मागच्या बाकावरच्या बाया मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणत. मानाचे दुसरे कारण तर मी कोणाला सांगितलेही नव्हते. गाडी गावाबाहेर पडली की मामाजी समोर नजर ठेवून विचारत, "काय दिसून राहिलं बाई, तिकडं?"

आणि मी सांगे. धानाचा रंग आज कोवळ्या पोपटीवरून गर्द हिरव्याकडे झुकला आहे, हे सांगे. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, साचलेल्या पाण्यात आभाळ कसे तुकड्यातुकड्यांनी पडले आहे, हे सांगे. बगळे पांढरे नसून दुधात हळदीचे बोट बुडवल्यासारखे आहेत, हे सांगे. ते प्रत्येक वाक्यावर मान हलवत. माझ्या कवितेला लाभलेला तो एकमेव नियमित श्रोता होता, आणि तो दररोज सकाळी स्वतःहून मागणी करत होता.

एका रविवारी नवऱ्याने त्यांना आग्रहाने खुर्चीत बसवले. टेबलाला लावलेले खोटे स्टिअरिंग त्यांनी दोन्ही हातांनी हलवून पाहिले.

"हे का गाडी होय? ब्रेक दाबला त पोटात काहीच होत नाही."

"बाबूजी, बघा तर खरं."

गेममधल्या देशात वाहने रस्त्याच्या उजव्या अंगाने धावत. हा प्रकार त्यांनी पहिल्याच मिनिटाला बंद करायला लावला. नवऱ्याने शोधून डाव्या अंगाची वाहतूक लावून दिली आणि अख्खा देश मामाजींसाठी बाजू बदलून चालू लागला. मग ते निघाले. सुरेख चालवत होते. नवऱ्याचा ट्रक नेहमी घसरे त्या वळणावर त्यांचा ट्रक तुपातून जावा तसा गेला. नवरा हरखून मागे उभा होता.

तेवढ्यात डाव्या पडद्यावर एका उपरस्त्यातून पिवळी मोटार आली. ती बराच वेळ येत होती. मी तिचा दिवासुद्धा पाहिला. मामाजींनी वेग कमी केला नाही. धडक झाली.

"कुठून आली हे?"

"डावीकडून, बाबूजी."

"डावीकडून नाही. खालून निघाली."

दुसरी खेप, डाव्या कडेला उभा ट्रॅक्टर. तिसरी खेप, पुन्हा मोटार. त्यांनी स्टिअरिंग सोडले. "डावा पडदा कायले लावला बाबू? त्याच्यात काही येतच नाही. दुरुस्त कर."

नवऱ्याने तो दुरुस्तीला घेतला. केबल बदलली. बिघाड काही सापडला नाही. मग त्याने दुकानात करतो तेच केले: डावा मॉनिटर उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. कोणताही बिघाड शोधण्याची त्याची हीच रीत होती. सुटा भाग जागा बदलून लावायचा; बिघाड भागाबरोबर गेला तर भाग खराब, जागच्या जागी राहिला तर दुसरीकडे शोधायचे. दुसऱ्या संध्याकाळी त्याने मामाजींना पुन्हा बसवले. उजवीकडे गेलेल्या मॉनिटरवरचे सगळे त्यांनी चुकवले: ट्रक, सायकली, एक कुत्रा. डावीकडून आलेले एकही नाही.

नवरा केबल हातात घेऊन उभा राहिला. त्याने ती नीट गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. बिघाड जागच्या जागी होता.

"काय झालं?" मामाजींनी विचारले.

"काही नाही. केबल," नवरा म्हणाला.

त्या रात्री मला झोप लागली ती मोडूनमोडून. दर वेळी जाग आली की मी माझ्या जुन्या वाक्यांपैकी एक आठवून पाही. दुधात बुडवलेले हळदीचे बोट. तुकड्यातुकड्यांचे आभाळ. या वाक्यांच्या आधाराने सोळा माणसे रोज आमगावला पोचत होती.

सकाळी मी माझ्या जागेवर बसले. गाव मागे पडले.

"काय दिसून राहिलं बाई?"

"सायकल," मी म्हणाले. "वीस पावलांवर. दोन मुली बसल्यात."

त्यांनी किंचित उजवीकडे घेतले.

"मंग?"

"रस्ता मोकळा. पुढे बैलगाडी, उभी आहे. बैल सोडलेले."

बैलगाडी गेली. आमगावपर्यंत मी असेच सांगत राहिले. विशेषण एकही वापरले नाही. स्टँडवर माणसे उतरली, मागचा फळीचा दरवाजा आपटला, आणि आम्ही दोघेच उरलो. बिरसीच्या वैमानिक प्रशिक्षण शाळेचे एक छोटे विमान डोक्यावरून भुणभुणत गेले. त्यांनी वर पाहिले नाही.

"कवापासून मालूम तुले?"

"कालपासून."

"मले दीड वरीस झालं." त्यांनी गळ्यातल्या दुपट्ट्याने स्टिअरिंग पुसले.

"मग सांगितलं काऊन नाही, मामाजी?"

"तू सांगून राहिली होती ना."

"मी बगळे सांगत होते!"

"बगळे असले का तिथं ढोरं असतात. तू म्हणे, पाण्यात आभाळ पडलं, म्हणजे बांधी रस्त्याले लागून आली, कड सांभाळाची. तू म्हणे, सावली गार वाटते, म्हणजे झाड आलं. समजे मले. पहिले पहिले थोडी मेहनत पडली."

माझ्या कवितेची इतकी बारकाईने झालेली समीक्षा मी पुढे कुठेही वाचली नाही. मला हसू आले आणि ते अर्ध्यावरच थांबले, कारण एक साधा हिशोब समोर उभा राहिला. माझे कॉलेज दुपारी सुटे आणि मी एका मैत्रिणीच्या स्कूटीवरून घरी येई. मामाजींच्या दिवसाला चार फेऱ्या होत.

"मामाजी, बाकीच्या फेऱ्यांना माझ्या जागेवर कोण बसते?"

त्यांनी संपूर्ण मान वळवून त्या रिकाम्या जागेकडे पाहिले. मी अजून तिच्यावरच बसले होते, पण ते पाहत होते ते तिच्याकडे.

"कोणीबी," ते म्हणाले. "जो आधी चढन तो."

त्याच आठवड्यात आम्ही गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती; उरलेली थेंबांनी राखायची होती. गाडीबद्दल डॉक्टर एकच वाक्य बोलले आणि ते नवऱ्याकडे पाहून बोलले. नवऱ्याने ते वाक्य घरी आणले नाही. तो दुकानात जास्त वेळ बसू लागला.

जीप अंगणात उभी राहिली. मामाजी म्हणत, क्लच गेला आहे. रोज सकाळी ते तिची काच पुसत. रोजचे प्रवासी फाटकापाशी येत, "काका, आज बी नाही का?" विचारत, आणि ते म्हणत, "क्लच." आठ दिवसांत त्या क्लचला गावभर सहानुभूती मिळाली. पुढची डावी खिडकी तर ते दोनदा पुसत.

नवव्या दिवशी शेजारच्या गावची एक बाई आली. कडेवर तापाने मलूल झालेले लेकरू, आमगावच्या दवाखान्यात न्यायचे होते. "काका, हळूहळू चाला, पन चाला," ती म्हणाली. मामाजींचा हात सवयीने खिशातल्या किल्लीकडे गेला. मी दारात उभी होते. त्यांनी लेकराकडे पाहिले. ते आईच्या डाव्या कडेवर होते की उजव्या, हे मला आज आठवत नाही. ते त्यांना पूर्ण दिसले, एवढे आठवते, कारण ते बराच वेळ पाहत होते.

"क्लच गेला बाई," ते म्हणाले, आणि शेजारच्या पोराला हाक मारून त्याच्या मोटारसायकलवर तिला पाठवून दिले.

मग ते पायरी चढून आले. मला पाहण्यासाठी त्यांनी मान पूर्ण वळवली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "विका."