पडलेल्या सादड्याचा नंबर

जंगलात सापसुरळ्या मोजायला गेलं, की सापसुरळ्या सापडोत न सापडोत, किस्से मात्र हमखास सापडतात! माझी वही दोन्ही बाजूंनी भरत आलीय. पुढून प्राणी, मागून किस्से. मागची बाजू पुढच्या बाजूला गाठायला आलीय, हे आमच्या कॉलेजात कुणाला सांगू नका.

मी नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तीन वर्षं झाली, दर शनिवारी पहाटे इंदिरानगरहून निघून पेठच्या पलीकडच्या जंगलात जाते. तिथे वनखातं दरवर्षी जंगलाचा एकेक तुकडा तोडीला काढतं. त्या तुकड्याला म्हणायचं कूप. तोडीआधी आणि तोडीनंतर तिथल्या साप, सरडे, पाली, सापसुरळ्यांचं काय होतं, ते मोजणं हे माझं काम. सोबत दोघं. जीपवाला दिलीप, पंचवटीचा, आयुष्यभर भाविकांना मंदिरं दाखवत फिरलेला. आणि सोमाभाऊ, खात्याचे जुने वनमजूर, रिटायरमेंटला एक वर्ष राहिलेले.

*

मोजायची पद्धत साधी आहे. दगड उचलायचा, ओंडका सरकवायचा, खाली कोण आहे ते लिहायचं आणि सगळं होतं तसं परत ठेवायचं.

दिलीप पहिले दोन महिने जीपमधून उतरलाच नाही! एकदा काच चार बोटं खाली करून म्हणाला, "मॅडम, एवढं उचललंच आहे, तर परत कशाला ठेवता?"

"अरे, कुणाचं तरी घर आहे ते."

त्याने काच वर केली. पुढच्या शनिवारी मात्र उतरला. डबा घेऊन एका पडलेल्या सादड्याजवळ गेला. सादडा म्हणजे आपला ऐन. बसायच्या आधी त्याने खोडावर दोनदा टकटक केली.

"हे काय?" मी विचारलं.

"घर आहे म्हणालात ना? मग बेल नको वाजवायला?"

तेव्हापासून तो टकटक केल्याशिवाय जंगलात कुठेही बसत नाही.

*

त्याच सादड्याखाली मी एकदा लागोपाठ चार शनिवार सापसुरळी नोंदवली. चार शनिवार, चार सापसुरळ्या! मी खूश. सोमाभाऊ शेजारी उकिडवे बसून माझं लिहिणं बघत होते.

"मॅडम, ही मागच्या बारीला पण लिवली होती तुम्ही."

"कशावरून?"

"शेपूट बघा ना. अर्धंच हाय. बांडी हाय ती. त्याच्या मागच्या बारीला पण हीच होती."

मी बघितलं. खरंच की! चारही शनिवार बांडीच होती. पीएचडी माझी, आणि ओळख त्यांची. मी मुकाट्याने तीन आकडे खोडले.

*

एकदा तोडीचा ट्रक नाशिकला गेला, आणि दुपारी फोन आला की एकलहऱ्याकडच्या एका वखारीत पोकळ ओंडक्यातून धामण निघालीय. लाकडाबरोबर बाई सत्तर-ऐंशी किलोमीटर फुकट आल्या होत्या! खात्याची परवानगी घेतली, सर्पमित्राने तिला पिशवीत घातली, आणि परत सोडायला जीप दिलीपची!

मी पुढे, पिशवी मागे, सर्पमित्र पिशवीशेजारी. दिलीपने आरसा असा फिरवला की त्याला रस्त्याऐवजी पिशवीच दिसावी. मी आरसा सरळ करायची, तो परत फिरवायचा. पेठ येईपर्यंत हेच चाललं.

जंगलात पिशवी उघडली. धामण सरसर निघून गेली. दिलीपने घाम पुसला आणि म्हणाला, "मॅडम, पंचवटीत इतकी वर्षं गिऱ्हाईक फिरवलं. 'एसी लावा' न म्हणणारं पहिलंच!"

*

सगळेच किस्से हसण्याचे नाहीत. मागच्या वर्षीचा कूप तोडून झाल्यावर मी मोजायला गेले. नुसती झाडं तोडली असती तर एक वेळ चाललं असतं. पण पडलेले जुने ओंडके उचलले होते, पालापाचोळा जाळला होता, जमीन झाडून काढल्यासारखी. सकाळभर दगड उलथले. वहीत पान कोरं. मला रडू आलं. दिलीपला म्हटलं, डोळ्यांत राख गेली.

"माझ्या पण गेली," तो म्हणाला.

नाही म्हणायला, खुंटांवर सरडे ऊन खात बसले होते. ते कळल्यावर साहेबांना कोण आनंद! साहेब म्हणजे इथले वनअधिकारी. नवीन, तरुण, टापटिपीचे. "कूप कसा अंगणासारखा दिसला पाहिजे," हे त्यांचं लाडकं वाक्य.

"बघा मॅडम, सरडे वाढले! म्हणजे तोडीने फायदाच झाला की!"

"साहेब, त्यांना ऊन लागतं म्हणून ते वाढले. सावलीतले, ओलाव्यातले सगळे गेले. आणि हे सरडे तर इंदिरानगरमध्ये आमच्या कंपाउंडवरही आहेत!"

साहेबांनी चहा मागवला. विषय संपला.

*

या वर्षी बांडीच्या कूपची पाळी आली. मी साहेबांना अर्ज दिला, की झाडं नियमाप्रमाणे तोडा, पण आधीच पडलेले सहा ओंडके आहेत तिथेच राहू द्या.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. वाईट माणूस नाही तो.

"मॅडम, रजिस्टरला रकाने दोनच. तोडायचं झाड आणि राखायचं झाड. पडलेल्याला रकानाच नाही, तर मी लिहू कुठे?"

तोडायच्या झाडाला हातोड्याचा शिक्का, राखायच्या झाडाला पांढरा पट्टा आणि नंबर. पट्टा असलेल्या झाडाला मजूर कुऱ्हाड लावत नाहीत, तिथून हलवतही नाहीत. बाकी सगळं साफ. परतताना मी हे सगळं सोमाभाऊंना तावातावाने ऐकवलं. रंगाचा डबा त्यांच्याच हातात होता, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

*

तोडीच्या आदल्या आठवड्यात साहेब मार्किंग तपासायला आले. आम्हीही होतो. दोन तास चालून साहेब दमले आणि त्या पडलेल्या सादड्यावर टेकायला वळले.

"साहेब, थांबा!" दिलीप ओरडला. "आधी वाजवा!"

दिलीपने पुढे होऊन स्वतःच टकटक केली. तेव्हा साहेबांना दिसलं, की खोडाला चांगला हातभर रुंद पांढरा पट्टा आहे. वर नंबरही!

"पडलेला ओंडका राखीव कुणी केला?"

सोमाभाऊंनी रजिस्टर पुढे केलं. राखायच्या झाडांच्या यादीत एक ओळ जास्तीची. जात, सादडा. पुढे शेऱ्यात, सोमाभाऊंच्या वाकड्या अक्षरात: "आडवा आहे, पण वस्ती आहे."

एक वर्ष राहिलेल्या माणसाची नोकरी जाते की काय!

तेवढ्यात खोडाखालून बांडी बाहेर आली. इकडेतिकडे बघितलं आणि पांढऱ्या पट्ट्यावर ऊन खात बसली. साहेब हळूच उकिडवे बसले. बराच वेळ बसले. मग उठून गुडघे झटकले आणि करड्या आवाजात म्हणाले,

"सोमाभाऊ, या कूपमध्ये पडलेले ओंडके किती?"

"सहा, साहेब."

"मग बाकीच्या पाचांना नंबर का नाहीत?"

सोमाभाऊंनी रजिस्टर मिटून काखेत घेतलं.

"रंग संपला, साहेब."

"पाच लिटरचा डबा दिला होता तुम्हाला!"

"व्हय साहेब. पण आडव्यांची सुरुवात मी पलीकडच्या कूपपासून केली होती."