मामांच्या संत्र्याची साल

आमच्या मुलुंडच्या कॉलेजात केमिस्ट्रीची काचभांडी धुतात ते कुंडलिक जोंधळे, सगळ्यांचे मामा. भांडुपहून येतात. फ्लास्क असा लख्ख धुतात की त्यात बघून टिकली लावावी. बोलतात मात्र इतकं की माझं डोकं उठतं.

मी मनाली, पीएचडी करते. माझे रेणू आपणहून एकावर एक रचत जातात आणि गोल जिन्यासारखा पीळ घेतात. त्यांना कोणी घट्ट बांधलेलं नसतं, नुसते एकमेकांना टेकून असतात. त्यामुळे कोणी जरासं ढकललं की पीळ त्या बाजूला. नाही ढकललं तर निम्मे डावे, निम्मे उजवे. माझे मात्र आठ महिने सगळेच्या सगळे उजवे, तेही कोणी न ढकलता! मी हवेत. कमिटीसमोर हेच मांडायचं होतं, माझी अख्खी पीएचडी त्यावर उभी होती.

आणि मामा लेकीच्या बाळंतपणासाठी आठवडाभर रजेवर गेले. भांडी मीच धुतली. निकाल? निम्मे डावे, निम्मे उजवे. चारदा केलं, चारही वेळा तेच. वाट लागली यार! बाथरूममध्ये जाऊन चक्क रडले.

सोमवारी मामा नातीची बर्फी घेऊन आले, फ्लास्क धुतले, आणि रेणू परत उजवे. म्हटलं, थांबा, आता बघतेच. दुसऱ्या दिवशी बेसिनपाशीच ठाण मांडलं. मामांनी फ्लास्क धुतला, वाळवला, डब्यातून संत्र्याची साल काढली आणि आत पिळली.

"मामा! हे काय?"

"साबणाचा वास जातो ना."

"अहो, माझ्या पीएचडीत संत्रं पिळताय तुम्ही!"

"फक्त तुमच्याच भांड्यांत हो, मॅडम. आलात त्या दिवशी साबणाच्या वासानं किती शिंकत होतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ महिन्यांत मी या माणसाला 'मामा, लवकर' यापलीकडे काही बोलले नव्हते.

सालीच्या तेलातल्या रेणूला, आपल्या हातांसारखा, स्वतःचा डावा-उजवा असतो. त्याचा नुसता स्पर्श झाला की माझा जिना उजवीकडे वळत होता. कमिटीला मी तेच खरं सांगितलं. साल असली तर उजवे, नसली तर निम्मे-निम्मे. कमिटीतल्या मोठ्या मॅडमनी मान डोलावली, "पुढे जा" म्हणाल्या, आणि विचारलं, "सालीशिवाय करून बघायचं सुचलं कोणाला?"

मी दाराकडे बोट दाखवलं. तिथे मामा चहाचा ट्रे घेऊन उभे होते.

"नाही हो मॅडम," मामा म्हणाले, "मी फक्त रजा घेतली होती."