माझ्याकडे वळलेल्या पेशी

मूळपेशींना लोखंडाचे अतिसूक्ष्म कण भरवून माझी भाची त्यांना चुंबकाने सांध्यातल्या फाटक्या कूर्चेकडे, म्हणजे हाडांमधल्या मऊ गादीकडे वळवते. तिच्या प्रयोगशाळेत मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. इवले ठिपके सरकत होते, पण भलतीकडेच!

“मामा, तुझा मोबाइल कुठंय?”

पेशींच्या काचेच्या बशीला खेटून! त्याच्या कव्हरला चुंबकाचं बटण. तिची सकाळभराची मेहनत माझ्याकडे निघाली होती.

“तुला बोलावलंच का मी!” म्हणत तिने मोबाइल बाहेर ठेवला.

मी ओशाळलो, पण आतून उड्या मारत होतो. माझ्या हाकेला घरचं मांजरही वळत नाही आणि इथे जिवंत पेशी वळल्या! हळूहळू ठिपके बशीतल्या कूर्चेच्या तुकड्याकडे निघाले.

जिना उतरताना झिजलेला गुडघा कुरकुरला. त्याला म्हटलं, “दम धर. त्यांना वाट सापडलीय, फक्त मी लांब राहायला हवं.”