दुसऱ्याची बोलणी

आमच्या समोरच्या काकूंची बोलणी माझ्याइतकी अख्ख्या मुलुंडमध्ये कोणी खाल्ली नसतील, आणि त्यातलं एकही वाक्य माझ्यासाठी नव्हतं. सकाळी दाढीचा साबण लावून मी आरशासमोर उभा असतो, तेवढ्यात बेल वाजते. दारात काकू, पदर खोचलेला, डोळे वटारलेले. "कणीक मळलीस की सिमेंट कालवलंस?" एवढं विचारून त्या वळतात आणि चार पावलांवरच्या आपल्या घरात हसतमुखाने शिरतात. आत त्यांची धाकटी सून पोळ्या लाटत असते.

सुनेला बोलायचं काही ओठांवर आलं की काकू चपला सरकवतात आणि मला बोलून मोकळ्या होतात. आजवर मी फोडण्या करपवल्या आहेत, दूध उतू घालवलं आहे आणि सुट्टीच्या दिवशी अकरापर्यंत लोळलो आहे. आमची ही नवीन होती तेव्हा एकदा तिने दार उघडलं आणि "भांडी अशी घासतात?" ऐकून दिवसभर रडली. आता तीच आतून ओरडते, "अहो, बेल! आज तुमचं काय चुकलं ते बघा." एकदा नळ दुरुस्त करणाऱ्याने दार उघडलं. "माहेरी हेच शिकवलं का?" काकू कडाडल्या. "नाय काकी, काम नाहूरला शिकलो," तो बिचारा म्हणाला.

काकूंचा आवाज असा, की धाकटीला आत शब्द न् शब्द ऐकू जातो. ती निमूटपणे कणकेला पाणी लावते. "मी तिला एका शब्दाने बोलत नाही," असं काकू छातीठोकपणे सांगतात आणि धाकटी माहेरी तेच सांगते.

पण ही अक्कल काकूंना फुकट आलेली नाही. थोरली सून नवी असताना तिने बांगड्याचं तिखलं केलं होतं. मीठ जरा कमी पडलं होतं. काकूंनी घास घेतला आणि विहीणबाईंच्या देखत म्हणाल्या, "ह्याच्यापेक्षा बांगडो समुद्रातच बरो होतो गो!" सगळे हसले. थोरली हसली नाही. महिन्याभरात नवरा-बायको दोघं मालाडला भाड्याच्या घरात गेली. त्यानंतर सहा वर्षं मुलगा एकटाच यायचा आणि आईच्या हातचं डब्यात घेऊन जायचा. थोरली सणालासुद्धा आली नाही. काकूंनी तिच्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही, फक्त डबा भरताना तिच्या वाटणीचंही भरायच्या.

मागच्या महिन्यात थोरलीचा फोन आला. रविवारी येते, आणि तिखलं मीच करणार. काकू तडक माझ्याकडे आल्या. "मी काय बोलले ना, तर माझ्या तोंडावर हात ठेव रे," त्यांनी मला बजावलं.

रविवारी बाराच्या सुमाराला बेल वाजली. काकू आयुष्यात पहिल्यांदाच कुजबुजल्या, "मीठ कमी आसा." मी बघतो तर त्यांच्या मागे डाव हातात घेऊन थोरली उभी.

"आई, यांना काय सांगताय? मला सांगा ना."

काकू तिच्याकडे वळल्या. "तुका सांगितलंय म्हणान तर गेलंस ना गो."

"मीठ कमी आहे म्हणून कोण घर सोडतं? तेव्हा तुम्ही माझ्या आईसमोर माझं हसं केलंत, ते लागलं मला. मिठाचं बोला की बिनधास्त!"

काकू जपून म्हणाल्या, "वायंच कमी आसा."

"घालते," म्हणून थोरली आत गेली.

त्या दुपारी समोरून इतके आवाज येत होते, की आम्हाला आमचा टीव्ही ऐकू येईना. मला खरंच फार बरं वाटलं. संध्याकाळी थोरली आणि मुलगा निघाले. रिक्षा फाटकाबाहेर वळली तरी काकू जिन्याच्या खिडकीशीच होत्या. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"एवढ्यानच भागला असता रे," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "वायंच कमी आसा, तेव्हा इतक्याच म्हणूक होया होता. सहा वर्षां गेली."